तिसऱ्या पुलाच्या अलीकडे

कुणी विचारलं की डॉक्टर लो, तुम्ही आयसीयूकडे कशा वळलात, तर लो मेइ-चू म्हणायची, "गाडीत बसून."

विचारणारा हसायचा. नवे शिकाऊ डॉक्टर तर जास्तच हसायचे, कारण बाईंच्या तोंडून विनोद म्हणजे वर्षातून एखादाच. ती व्हेंटिलेटरवर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट (यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून प्रत्येक यंत्रावर एक असायचंच) जरा सरळ करायची, त्याची तारीख उलटून गेली नाही ना ते बघायची, आणि पुढच्या खाटेकडे जायची.

पण विनोद नव्हताच तो.

समुद्राकाठच्या तिच्या गावात कालवांशिवाय काही पिकत नसे. तिची आई दारात बसून कालवं फोडायची, शेजारची ग्योककाकूही फोडायची, आणि दोघींच्या मधे शिंपल्यांचा ढीग एवढा चढायचा की एकमेकींची तोंडं दिसेनाशी व्हायची. मग बोलणं ढिगावरून चालायचं.

"तुझी आ-चू डॉक्टर होणार म्हणे. कसली गं?"

"कातडीची."

"कातडीचा पण डॉक्टर असतो?"

"हात बघ आपले. गावात शंभर बायका, म्हणजे दोनशे हात. आणि कातडीच्या दुखण्यानं कुणी मरत नाही. सकाळी नऊला दार उघडायचं, पाचला लावायचं. जागासुद्धा बघून ठेवलीय मी. मंदिरासमोर, शेवयांच्या दुकानाला लागून."

"मग पहिले हात माझे! ऐकलंस का आ-चू? फुकट बघायचे हां. लहानपणी माझ्या चुलीवरचे किती पोळे खाल्लेस, मोजलेत मी."

तेही खरंच होतं. रताळ्याच्या पिठात कालवं घालून ग्योककाकू जो पोळा करायची तो खाऊनच मेइ-चू वाढली होती. काकूला दोन मुलगे, मुलगी नाही. ती कसर तिनं शेजारून भरून काढली.

पंचविसाव्या वर्षी मेइ-चू जिल्ह्याच्या इस्पितळात रुजू झाली. आधी सगळ्या विभागांतून फिरायचं, मग कातडी. आयसीयूतला तिचा महिना संपायला नऊ दिवस उरले होते आणि ती ते बोटांवर मोजत होती, तेव्हा भर दुपारी कालवांच्या तराफ्यावर कोसळलेल्या एका माणसाला आणलं. तोंडावरचा चिखल पुसला तर तो फूकाका निघाला. ग्योककाकूचा नवरा.

विभागाचे मुख्य श्याव सर. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, मेंदूचा फोटो उजेडात धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूला बाहेर येऊन सांगितलं, "मेंदूभर रक्त आहे. श्वास यंत्र घेतंय, ते नाही घेत. आज जातील, फार तर उद्या."

काकूनं एकच विचारलं, "घरापर्यंत पोचतील?"

कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्या गावांमध्ये बाहेर मेलेला माणूस गावात येत नाही, आणला तर घराला बाधतं म्हणतात. वेशीबाहेर ताडपत्री बांधतात, तिथंच त्याचं सगळं करतात, घरातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर त्याला ठेवत नाहीत. म्हणून शेवटचा श्वास शिल्लक असताना माणूस घरी न्यायचा. इस्पितळालाही ते माहीत होतं. नळी तशीच ठेवून, यंत्राऐवजी हातानं दाबायचा रबरी फुगा लावून, सोबत एक डॉक्टर देऊन गाडी सोडायची. घरी पोचलं की डॉक्टर नळी काढणार. हे काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते सगळ्यांत धाकट्याकडं यायचं.

"तुझ्याच गावचे ना?" श्याव सर म्हणाले. "मग तूच जा."

रस्ता पाऊण तासाचा, मधे तीन पूल. पुढं सुपारी चघळणारा ड्रायव्हर, मागं फूकाका, उशाशी फुगा दाबणारी मेइ-चू, शेजारी ग्योककाकू आणि पायाशी थोरला मुलगा मिंग-त्साय. चोवीस वर्षांचा गडी, पण बापाचा पाय दोन्ही हातांनी असा धरून बसला होता, जणू गाडीतून कुणी काढून नेईल.

पहिला पूल आला. पुलावर जिवाची वाट चुकते म्हणतात; काकू वाकली आणि नवऱ्याच्या कानात म्हणाली, "अहो, पूल आला. घाबरू नका. माझ्या मागं मागं या."

दुसऱ्या पुलावरही तेच. मग ती मेइ-चूकडं बघून म्हणाली, "आ-चू, तू आहेस म्हणून धीर आहे गं. परकं कुणी असतं तर हात चालवला असता का एवढा जीव लावून?"

मेइ-चूनं मान हलवली, आणि सवयीनं काकाच्या गळ्याला बोट लावलं. काही लागलं नाही. बोट सरकवलं. दुसऱ्या बाजूला लावलं. गाडीच्या हादऱ्यानं असेल म्हणून श्वास रोखून थांबली. काहीच नाही. मनगटावरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस झाले होते.

तिसरा पूल अजून यायचा होता.

तिचा हात थांबला नाही. तिनं ठरवलं वगैरे काही नाही. हात दाबत राहिला आणि काकाची छाती वर येत राहिली, खाली जात राहिली. काकू तिसऱ्या पुलावर वाकली आणि म्हणाली, "आता शेवटचा. मग आपलं गाव."

वेशीवरच्या वडाखाली मंदिराचे पंच चिन-शुइ आबा आणखी दोघांना घेऊन उभे होते. त्यांनी गाडीत डोकं घातलं.

"आहे?"

छाती वर आली, खाली गेली.

"आहे," मेइ-चू म्हणाली.

घरातल्या मोठ्या खोलीत दोन बाकांवर फळ्या मांडून ठेवल्या होत्या. काकाला पूर्वजांच्या पाट्यांसमोर निजवलं. मेइ-चूनं नळी काढली, वेळ सांगितली, कागदावर लिहिली: तीन वाजून वीस. काकू नवऱ्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "पोचलात बघा. पोचलात की नाही?"

तिथंच संपलं असतं. पण पुजारी आला, त्यानं पंचांग उघडलं, आणि विचारलं, "वेळ काय?"

दिवसाचे बारा भाग, दोन-दोन तासांचे, आणि एकेका भागावर एकेक प्राणी; वर्षांवरही तेच बारा. हे मेइ-चूला पोरवयापासून पाठ होतं. मेडिकलच्या सहा वर्षांत ते कुठल्या कुठं गेलं होतं. तीनच्या आत मेंढी, तीननंतर माकड. मेंढीच्या वेळेचं बैलाशी जमत नाही, माकडाच्या वेळेचं वाघाशी.

"तीन वीस म्हणजे माकड," पुजारी म्हणाला. "वाघाच्या वर्षी जन्मलेलं कोण आहे?"

सगळ्यांनी मिंग-त्सायकडं पाहिलं.

"शवपेटीचं झाकण लावताना तू पाठ फिरवायची. वळून बघायचं नाही. बघितलंस तर घरातलं आणखी एक जातं. समजलं?"

मेइ-चूच्या घशाशी शब्द आले. दोन चाळीस म्हणजे मेंढी, पाठ फिरवायची ती बैलानं. त्या घरात बैलाच्या वर्षाचं कुणीच नव्हतं. खोलीत बैलाच्या वर्षाची होती ती एकटी मेइ-चू. पण तेवढं बोलायचं म्हणजे हा माणूस गार होऊन घरात आलाय हेही बोलायचं. ती रबरी फुगा पिशवीत भरत राहिली.

परतताना गाडीत ड्रायव्हर आणि ती दोघंच. तो म्हणाला, "पहिली खेप वाटतं, डॉक्टरीणबाई?"

"हो."

"दुसऱ्या पुलानंतर गेला ना? आरशात दिसतं मला." त्यानं खिडकीतून लाल पिंक टाकली. "मनाला लावून घेऊ नका. सगळेच दाबत राहतात. पुण्याचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी ती श्याव सरांसमोर जाऊन उभी राहिली. "मला इथंच राहायचंय. आयसीयूत."

"आणि ती कातडी?"

"नको."

"पोरी, इथं लोक मरतात. रोज. काय शिकायचंय तुला इथं?"

"फुगा कधी सोडायचा ते," ती म्हणाली.

सरांना वाटलं, पोरगी हुशार आहे.

फूकाकाच्या पेटीचं झाकण लावताना मिंग-त्साय वळला. सगळ्यांनी पाहिलं. बापाचं तोंड शेवटचं बघायला वळला, दुसरं काय. सहा महिन्यांनी वादळात धाकट्या भावाचा, आ-शेंगचा तराफा उलटला. तीन दिवसांनी तो सापडला, आणि त्याला अर्थातच वेशीबाहेर ठेवलं. ताडपत्रीखाली, सगळ्या गावासमोर, ग्योककाकू थोरल्याला म्हणाली, "सांगितलं होतं ना? वळू नकोस म्हणून सांगितलं होतं. आता बघ. बघायची एवढी हौस होती ना, बघ!"

त्या आठवड्यात मिंग-त्साय काओश्युंगला गेला आणि जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंगला लागला. परत आला नाही. काकूनं बोलावलंही नाही.

मेइ-चूला हे आईनं फोनवर सांगितलं. एक वाक्य बोलली असती तर ती मिंग-त्सायला सोडवू शकत होती. त्याच वाक्यानं फूकाकाला पुन्हा वेशीबाहेर काढलं असतं, आ-शेंगचं बुडणं ग्योककाकूच्याच दारात टाकलं असतं, चिन-शुइ आबांना तोंडघशी पाडलं असतं. न बोलण्याची अशी बरीच कारणं तिच्यापाशी होती आणि सगळी भली होती. खरं कारण लहानसं होतं. तिला भीती वाटत होती.

मग ती शिकत गेली. तैपेईला दोन वर्षं काढली, परीक्षा दिल्या, त्याच इस्पितळात परत आली, श्याव सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसली. विभागात अननस आणायचा नाही, आणला तर रोग्यांची रीघ लागते, हा नियम तिनं तोंड वाकडं न करता पाळला. नातेवाइकांना ती कधी "बघू या" म्हणाली नाही. आहे ते सांगायची, तोंडावर. लोक म्हणत, हात देवाचा आहे बाईंचा, जीभ मात्र कसायाची. लग्न राहून गेलं. मंदिरासमोरच्या जागेत मोबाइलचं दुकान आलं. एक गोष्ट मात्र तिनं सव्वीस वर्षांत केली नाही: घरी सोडायच्या रोग्याबरोबर ती परत कधी गाडीत बसली नाही. धाकट्यांना पाठवायची.

ग्योककाकू दर थंडीत कालवांची पिशवी घेऊन आयसीयूच्या काचेच्या दाराशी येऊन उभी राहायची.

"खातेस की नाही काही? काडी झालीयेस नुसती. मेलेल्यांना ओढून आणतेस म्हणे, जरा स्वतःला पण ओढ की."

आणि निघताना, दरवर्षी, पिशवीची गाठ उगीच पुन्हा बांधत, "काओश्युंगला जाणं होतं का गं कधी तुझं?"

"नाही काकू."

"नाही, असंच विचारलं."

एकाहत्तराव्या वर्षी ती पिशवीशिवाय आली, स्ट्रेचरवरून. छाती आधीच खराब, त्यात न्यूमोनिया. तोंडावर घट्ट मास्क, मानेच्या शिरा ताणलेल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सकाळी मेइ-चूनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि रात्रीपर्यंत नळी घालावी लागणार हे तिला कळलं. एकदा नळी गेली की बोलणं बंद.

तिनं खाटेभोवतीचा पडदा ओढला, स्टूल घेतलं.

"काकू, फूकाका तीन वीसला गेले नाहीत. दोन चाळीसला गेले. तिसऱ्या पुलाच्या अलीकडे. मी दाबत राहिले."

मास्कमधून हवा सूं-सूं येत होती. काकूचे डोळे तिच्यावर होते आणि हलत नव्हते.

"म्हणजे गारच आले घरात," शेवटी ती म्हणाली. दोन-दोन शब्दांनी थांबत बोलत होती.

"हो."

"आणि मी त्यांना म्हणत होते, पोचलात बघा."

"हो काकू."

"म्हणजे माकड नव्हे. मेंढी." ती थांबली, श्वास गोळा केला. "मग माझ्या मिंग-त्सायनं काय केलं होतं?"

"काही नाही. बापाकडं बघितलं, बस."

काकूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.  मेइ-चू उठली नाही. मग काकूचा कालवांच्या धारेनं खरवडलेला हात चादरीवरून आला आणि मेइ-चूच्या मनगटावर पडला. धरायला की झटकायला, ते तिला कळलं नाही.

"तुझ्यावर चिडायला पण दम लागतो. बरी झाले की चिडेन."

"चिडा काकू."

"फोन लाव त्याला. म्हणावं, वळून बघितलंस ते बरं केलंस. मी पण बघायला हवं होतं. मी डोळे मिटून उभी होते. एवढं सांग." आणि मग, "मला नेशील ना घरी?"

"मी स्वतः येईन."

"पण या वेळेला खोटं नको. वाटेत गेले तर वाटेत गेले म्हण. बाहेर ठेवतील, ठेवू देत. आ-शेंगला पण बाहेरच ठेवला होता."

मेइ-चूनं तिथूनच फोन लावला. लागला नाही. दुपारी लागला नाही. संध्याकाळी लागला तोवर काकूच्या घशात नळी गेली होती आणि औषधानं डोळे मिटले होते.

मिंग-त्साय दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पन्नाशीचा, केस पांढरे, हातांवर ठिणग्यांचे डाग. आईच्या पायाशी उभा राहिला. बापाच्या वेळी बसला होता तसाच पायाशी, पण हात लावला नाही. मेइ-चूनं त्याला बाजूच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं.

"दोन चाळीस," तो म्हणाला.

"हो."

"मेंढी. आमच्यात बैलाचं कुणीच नाही." हिशोब त्याला एका क्षणात जमला. "डॉक्टरीणबाई, सव्वीस वर्षांत मी एका मर्तिकाला गेलो नाही. सासू मेली तेव्हा बायको रडून रडून म्हणाली, चल. नाही गेलो. मी बघितलं की कुणीतरी मरतं, म्हणून. पोरगी झाली तेव्हा तिच्याकडं सुद्धा..."

"त्या म्हणाल्या, वळून बघितलंस ते बरं केलंस."

"आई म्हणाली?"

"हो."

"तुमच्यासमोर. आणखी कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग मी कशावरून धरायचं?" आवाज चढला नाही त्याचा, तेच जड गेलं. "माझ्या बापाच्या वेळेला पण तुम्ही 'आहे' म्हणाला होता."

 इतक्या वर्षांत हजार घरांना मेइ-चूनं खरं सांगितलं होतं. या एका घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती.

काकू शुद्धीवर आली नाही. आठव्या दिवशी मूत्रपिंडं थांबली, रक्तदाब औषधांवरही टिकेना. मिंग-त्साय म्हणाला, "घरी नेतो."

धाकटा डॉक्टर पुढं झाला. "बाई, मी जातो ना. तुम्ही कशाला?"

"फुगा दे इकडं," ती म्हणाली.

रस्ता आता रुंद झाला होता, पूल नवे होते, पण तीनच होते. पहिल्या पुलावर मिंग-त्सायला शब्द सापडेनात. ड्रायव्हर पुढून ओरडला, "बोला की! म्हातारी वाट चुकायची!" तेव्हा तो वाकून पुटपुटला, "आई, पूल आला. ये माझ्या मागं." दुसऱ्या पुलावर जरा मोठ्यानं म्हणाला.

मेइ-चूचं एक बोट पहिल्यापासून काकूच्या गळ्यावर होतं. भातखाचरं संपून मिठागरं लागली तिथं बोटाखालचं थांबलं. पूर्ण एक मिनिट तिनं बोट हलवलं नाही. दोन वाजून बावीस. समोर तिसऱ्या पुलाचा कठडा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडं वड.

तिनं फुग्यावरचा हात काढला. काकूची छाती खाली गेली आणि वर आली नाही.

"मिंग-त्साय, काकू गेल्या. दोन बावीस."

तो आईच्या छातीकडं बघत राहिला. "पाच मिनिटं राहिलीत," तो म्हणाला. "पूल ओलांडला की गाव. दाबा ना. पाचच मिनिटं."

तिनं हात मांडीवर घेतले. एवढ्या वर्षांची सवय होती त्यांना. सोडले असते तर आपोआप दाबायला गेले असते. तिनं ते एकमेकांत धरून ठेवले.

"त्यांनी नको म्हटलं होतं. वाटेत गेले तर वाटेत गेले म्हण, म्हणाल्या. तुला वेळ खरी कळावी म्हणून."

"बाहेर ठेवतील तिला."

"हो. तेही म्हणाल्या."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "थांबू का?"

मिंग-त्साय मेइ-चूच्या तोंडाकडं बघत होता, जसं कुणी जोड पक्का बसला की नाही ते निरखून बघतं.

"परत सांगा," तो म्हणाला. "तिच्या शब्दांत."

"म्हणाल्या, वळून बघितलंस ते बरं केलंस. मी पण बघायला हवं होतं. मी डोळे मिटून उभी होते."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. पुलाच्या सांध्यावर गाडीला हिसका बसला तसा तो वाकला, सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा आईच्या कपाळाला हात लावला आणि ओरडला, जणू ती फार लांब होती, "आई! शेवटचा पूल! ये!"

वडाखाली आता चिन-शुइ आबांचा मुलगा उभा होता. त्यानं विचारलं, "आहे?"

"नाही," मिंग-त्साय म्हणाला. "दोन बावीसला गेली. ताडपत्री आणा."

तिसऱ्या दिवशी त्या निळ्या ताडपत्रीखाली पुजाऱ्यानं पंचांग उघडलं. दोन वाजून बावीस मिनिटं. मेंढी. झाकण लावताना बैलाच्या वर्षी जन्मलेल्यांनी पाठ फिरवायची.

मिंग-त्साय पेटीच्या उशाशी उभा राहिला, डोळे उघडे ठेवून. तिथं जमलेल्यांपैकी एकच माणूस वळलं. लो मेइ-चू मिठागरांकडं तोंड करून उभी राहिली, आणि मागं खिळे ठोकल्याचा आवाज थांबेपर्यंत तशीच राहिली.